उस्तादांचा हात

रेवती निकमने आयुष्यात कधी सुरुंगाला हात लावला नव्हता. पण सुरुंग काढणारा माणूस तयार करायला काय मोल पडतं, हे पुण्याच्या त्या मूल्यमापन कक्षात तिच्याइतकं चोख कुणालाच सांगता येत नसे. रणगाडा शिकवायचा खऱ्या रणगाड्यात की खोट्या, पॅराशूटची उडी विमानातून की मनोऱ्यावरून, असले प्रश्न सैन्याकडून तिच्याकडे यायचे. ती आकडे मागवायची, मैदानावर जाऊन उन्हात करपायची, आणि शेवटी दोन पानांत सांगून टाकायची की हे घ्या, ते सोडा. भलेभले मिशीवाले अधिकारी ती दोन पानं वाचताना चहा प्यायचे विसरत.

तिचं शास्त्र तसं सोपं होतं. नव्या साधनावर एक तास घालवला, तर जुन्या पद्धतीतले किती तास वाचतात? भरपूर वाचले तर साधन घ्यावं, नाही वाचले तर विकणाऱ्याला नमस्कार करावा. गंमत अशी की पहिला तास खूप वाचवतो, पुढचा त्याहून कमी, आणि एका टप्प्यानंतर साधन नुसतं वीज खातं. तो टप्पा ओळखण्यातच सगळी हुशारी. शिवाय तिचा एक हट्टी नियम होता. ज्या पद्धतीवर निकाल द्यायचा, ती आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहायची. या नियमापायी एकदा मनोऱ्यावरून उडी मारून तिने गुडघा सुजवून घेतला होता आणि ऑफिसभर लंगडत फिरली होती. नियम मात्र सोडला नव्हता.

‘बाही’ची फाइल आली तेव्हा कर्नल प्रभुणेंनी तिला समोर बसवून घेतलं.

“निकम मॅडम, खडकमाळ केंद्राच्या सुरुंग-शाळेत तुमचे वडील उस्ताद म्हणून शिकवत आले. बाही आली तर ती शाळा बंद होणार. स्पष्ट विचारतो, तुमचं मन आड येणार नाही ना?”

“सर, मन आड यायला मध्ये काहीतरी असावं लागतं,” रेवती म्हणाली. “आबा वर्षातून दोनदा रजेवर यायचे, अंगणात गप्प बसायचे आणि जायचे. त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. तुम्ही निर्धास्त राहा.”

कर्नल निर्धास्त झाले. असलं उत्तर ऐकून खरं तर माणसाने अस्वस्थ व्हायला हवं, पण त्यांना अहवालाची घाई होती.

घाई खोटी नव्हती. नीलधारच्या खोऱ्यातली लढाई संपून एक पिढी होत आली होती, तरी जमिनीत पेरलेले सुरुंग तसेच होते. किंबहुना तसेच नव्हते, हीच तर पंचाईत. दरवर्षी बर्फ वितळलं की उतारावरची माती सरकायची आणि सुरुंग तिच्याबरोबर सरकायचे. नकाशे कधीच निकामी झाले होते. यंत्रमानव त्या घसरत्या दगडगोट्यांवर कोलमडायचे. उरला माणसाचा हात. पोटावर पालथं पडायचं, सळईने तिरकं टोचत जायचं, वस्तू लागली की बोटांनी भोवतालची माती उकरायची. हे शिकवायला खडकमाळच्या शाळेत वर्ष सरायचं आणि निम्मी पोरं तरीही नापास व्हायची. तोवर खोऱ्यातल्या बायका सरपणाला जायच्या आणि कुणाचा ना कुणाचा पाय जायचा.

आणि आता ही बाही आली होती.

कोपरापासून बोटांपर्यंत येणारी, मऊ, राखाडी, आतून बारीक तारांनी विणलेली. ती बनवणाऱ्या डॉ. शर्वरी देवस्थळी मेंदूच्या अभ्यासक होत्या आणि बोलायला लागल्या की हातातला चमचाही प्रयोगाला घ्यायच्या. खडकमाळच्या मेसमध्ये त्यांनी रेवतीला समजावलं.

“हे बघ, सायकल चालवता येते ना तुला? कशी चालवतेस ते सांग. नाही सांगता येणार. कारण ते ज्ञान तुझ्या बोलणाऱ्या मेंदूत नाहीच. ते मागच्या बाजूला, लहान मेंदूत आहे, आणि तिथून मज्जातंतूंतून हातापायांत ये-जा करतं. ते बोलत नाही, फक्त वाहतं. मग मी म्हटलं, वाहतंय तर वाटेत गाठावं. निष्णात माणूस काम करत असताना त्याच्या मनगटातून जाणारा आणि येणारा एकूण एक संदेश ही बाही टिपून घेते. हस्तमुद्रण म्हण. मग तीच बाही शिकाऊ पोराच्या हातावर चढवायची आणि तेच संदेश त्याच्या मज्जातंतूंत सोडायचे. पुन्हा पुन्हा. त्याच्या लहान मेंदूला वाटतं, हे मी वर्षानुवर्षं करत आलोय.”

“आणि खरंच येतं?”

“चल, दाखवते.”

मैदानावर वीसेक पोरं पालथी पडली होती. परवापर्यंत त्यांतल्या कुणी सळई धरली नव्हती. रेवतीने पाहिलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. वीस निरनिराळी पोरं, काळी, गोरी, दांडगी, काटकुळी. आणि सगळ्यांच्या खांद्यांपुढे एकच हात. करंगळी किंचित वर, मनगट सैल, माती उकरताना बोटांचा तो संथ, कणभरही न चुकणारा फेर. तिला तो हात ओळखू आला. लहानपणी अंगणात बसून आबा भुईमुगाच्या शेंगा सोलायचे, तेव्हा करंगळी अशीच वर असायची.

“पाच उस्तादांचे हात आम्ही मुद्रित केले,” शर्वरी हळू आवाजात म्हणाल्या. मैदानावर आलं की त्यांचाही आवाज खाली यायचा. “त्यांतला तुझ्या वडिलांचा सर्वांत अचूक. का, ते आम्हालाही कळलेलं नाही. पण या पोरांच्या हातात तोच घातलाय.”

रेवतीने स्वतःला सावरून आपलं काम सुरू केलं. वेळा नोंदवताना तिला एक गोष्ट खटकली. सुरुंग उघडा पडला, आता उचलायचा, अशा वेळी प्रत्येक पोराचा हात थांबायचा. माघारी यायचा, उलटा व्हायचा आणि बोटांची पाठ सुरुंगाच्या कडेच्या मातीवर अलगद टेकायची. दोन-तीन श्वास तसाच. मग काम पुढे चालू. अभ्यासक्रमात असलं काही नव्हतं. बाकी चार उस्तादांच्या मुद्रणातही नव्हतं.

“लकब असेल,” शर्वरी म्हणाल्या. “कुणी सही करताना पेन झटकतं, तसं. कापून टाकता येईल. आज संध्याकाळपर्यंत नवं मुद्रण तयार करते, रात्री नव्या तुकडीला चढवू.”

रेवतीने हिशेब मांडला. प्रत्येक सुरुंगामागे एवढा खोळंबा, आणि खोऱ्यात सुरुंग हजारोंनी. ती लकब काढली तर काम कितीतरी आधी संपेल, म्हणजे तेवढे पाय वाचतील. तिने मान डोलावली. “कापा.”

तरी जायच्या आधी एकदा विचारावं म्हणून ती वडिलांकडे गेली. सुभेदार हिंदुराव निकम निवृत्त होऊनही केंद्राच्या खोलीतच राहत होते. बायको पुण्याला लेकीकडे राहायला गेली तरी हे खडकमाळ सोडायला तयार नव्हते. ते व्हरांड्यात सळया पुसत बसले होते.

“आलीस व्हय,” ते म्हणाले. “बस.”

“आबा, सुरुंग उचलायच्या आधी तुम्ही हात उलटा करून मातीवर का ठेवता?”

“म्या?” त्यांनी सळई खाली ठेवली. “म्या न्हाई ठेवत. कोन म्हनतं?”

“मुद्रणात दिसतंय.”

“मग यंतर खोटं असंल. आमच्यात हाताचं टोक सुरुंगाकडं आन् ध्यान बोटाच्या टोकावर. उलटा हात ठेवनारा प्वार मी मैदानातनं हाकलला असता.”

मग सळयांकडेच बघत त्यांनी विचारलं, “साळा बंद करनार म्हनं?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरीव. पोरं लवकर शिकत्यात ते म्या बी बघितलंय. खोटं कशाला बोलू.” आणि ते पुन्हा सळई पुसू लागले.

त्यांनी भांडण केलं असतं तर रेवतीला सोपं गेलं असतं. गाडीत बसण्यापूर्वी तिने नियमाप्रमाणे बाही चढवून घेतली. नवं मुद्रण तयार व्हायचं होतं, म्हणून शर्वरींनी मूळचं, न कापलेलंच लावलं. ती खुर्चीत डोळे मिटून बसली. हातात आधी मुंग्या आल्या, मग ऊब, आणि मग कुणीतरी आपल्या हाताच्या आत हात घालून बसलंय असं काहीतरी. घाबरावं की नाही तिला कळेना. त्या हातात घाई नव्हती. इतका शांत हात आपल्या खांद्याला कधी नव्हता, एवढंच तिला जाणवत राहिलं. बाही निघाली तेव्हा दुपार कलली होती, आणि तिचे डोळे का कुणास ठाऊक भरून आले होते.

घरी पोचली तर ओवी, तिची पाच वर्षांची लेक, सोफ्यावर मलूल पडलेली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “शाळेतनं आल्यापासनं अशीच पडलीया. बघ गं, कणकण वाटती का.”

रेवती वाकली. एरवी ती कपाळावर तळवा ठेवायची. आज हात तिने न सांगताच उलटा झाला. दोन बोटांची पाठ ओवीच्या कानशिलाला अलगद टेकली, तिथून कानामागे सरकली आणि थांबली. दोन-तीन श्वास. आणि त्या थांबण्यात तिला पोरीचा ताप असा स्पष्ट कळला, की थर्मामीटर आणायची गरजच वाटू नये. वरवरचा आहे, उतरणीला लागलाय, इतकंसुद्धा.

मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. आई दारात उभी होती.

“रेवा,” ती म्हणाली, “ह्यो हात तुजा न्हाई.”

“काय म्हणतेस आई?”

“ह्यो त्यांचा हात हाय. अगं, तुला टायफॉइड झालता. ओवीपरीस ल्हान हुतीस, तुला कुठलं आठवायचं! ते नेमके रजेवर आलते. डाक्टरनं हात टेकलं. आनि ह्यो मानूस समदी रजा तुझ्या उशाशी बसला. शेतात गेला न्हाई, देवाला गेला न्हाई. घडीघडीला आस्सा उलटा हात लावायचा. तळहात रापलाय, त्येला समजत न्हाई म्हनायचा, पाठीला कळतं. ताप उतरला आन् रजा बी सपली. तू डोळं उघडायच्या आत ट्रंक उचलून गेला. तवापासनं बघती, वासराच्या अंगाला हात लावला तरी उलटाच.”

रेवती ओवीच्या शेजारी बसली. आयुष्यभर जवळ न घेतलेल्या बापाचा हात तिच्याच खांद्याला होता आणि तो तिच्या पोरीचा ताप बघत होता. तिला हसूही येईना, रडूही येईना. मग एकदम तिच्या लक्षात आलं. ती लकब नव्हतीच. आणि तिने ती कापायला सांगितली होती.

सकाळी ती खडकमाळला परतली तेव्हा शर्वरी आधीच पडद्यासमोर डोकं धरून बसल्या होत्या. रात्री रेवतीकडून फोनवर ऐकल्यापासून त्यांनी मूळ मुद्रण पुन्हा उघडलं होतं.

“हे बघ. हात टेकतो त्या क्षणी बोटांच्या पाठीतून मेंदूकडे जाणारे हे संदेश. आम्ही याला खरखर समजून बाजूला टाकलं होतं. ही खरखर नाही, हे तापमान आहे.” त्यांनी पडद्यावरच्या एका रेषेवर बोट ठेवलं. “बोटांच्या पाठीची कातडी पातळ असते. एकदा खणून पुन्हा भरलेली माती उन्हाने वेगळ्या गतीने तापते आणि वेगळ्या गतीने निवते. खाली काही पुरलेलं असलं तर आणखीच वेगळी. फरक इतका बारीक की मला उपकरण लावल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि या माणसाच्या हाताला तो कळतो. त्याला स्वतःला पत्ता नाही, पण हाताला कळतो.”

“जोडसुरुंग,” रेवती म्हणाली.

जोडसुरुंग म्हणजे एका सुरुंगाखाली दडवलेला दुसरा. वरचा उचलला की खालचा उडतो. खोऱ्यात सर्वांत जास्त हात त्यांनी नेले होते.

कापलेल्या मुद्रणाची पहिली तुकडी तासाभरात मैदानावर उतरणार होती. रेवतीने चाचणी पाहायला आलेल्या कर्नल प्रभुणेंना गाठलं आणि काही नकली सुरुंगांखाली जोडसुरुंग पुरायला लावले. ते उडाले तर नुसता लाल धूर निघायचा. कर्नल कुरकुरले, पण पुरले. सकाळचं ऊन मैदानावर पसरू दिलं आणि शिट्टी वाजली.

पोरं सफाईने पुढे सरकली. खोळंबा नाही, थांबणं नाही. पाहणाऱ्याला वाटावं, वा! मग कोपऱ्यात लाल धूर उठला. मग मधोमध. मग दोन एकदम. थोड्याच वेळात मैदानावर ठिकठिकाणी लाल ढग उभे होते आणि त्यांच्याखाली विशी-बाविशीची पोरं एकमेकांकडे बघून कसनुसं हसत होती. खोऱ्यात असती तर हसायला उरली नसती. रेवतीला तिथे उभं राहवेना.

“काल मी ‘कापा’ म्हणाले होते, सर,” ती म्हणाली. “ही मी काटकसर करत होते.”

कर्नलांनी खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

“बाही घ्या,” रेवती पुढे म्हणाली. “खोऱ्याला थांबायला वेळ नाही, आणि यासारखं साधन मी आजवर पाहिलेलं नाही. पण मूळ मुद्रण वापरा, एक श्वाससुद्धा न कापता. आणि शाळा बंद करू नका.”

“दोन्ही? मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. बाही असताना शाळा कशाला?”

“बाही हात वाटते, सर. हात बनवत नाही. उद्या नव्या तऱ्हेचा सुरुंग आला, तर मुद्रण कुणाच्या हाताचं करणार? असा हात वर्षानुवर्षं जगून बनतो. आणि आणखी एक. जुन्या पद्धतीचा खर्च मांडताना आपण रजा तोट्यात धरतो. उस्ताद रजेवर गेला की तेवढे दिवस वाया. मीही तसंच धरलं होतं. या हाताला जे सर्वांत मोलाचं येतं, ते तो रजेत शिकलाय. कुठल्या रकान्यात बसवू ते मला माहीत नाही. पण वाया म्हणून मी आता लिहिणार नाही.”

“आणि हे वर पटेल?”

“दुसरी तुकडी उतरू दे. मग तुम्हीच सांगा.”

सुरुंग पुन्हा पुरले गेले आणि दुसरी तुकडी उतरली. तिच्या हातांत मूळ मुद्रण होतं. तेवढ्यात व्हरांड्यातून हिंदुराव चालत आले आणि लेकीपासून दोन हात अंतर ठेवून उभे राहिले. लाल धूर त्यांनी लांबून पाहिला असावा. चेहरा उतरलेला होता.

सळया टोचल्या गेल्या. माती उकरली गेली. सुरुंग उघडे पडले, आणि मग एकामागून एक ते सगळे हात थांबले. माघारी आले, उलटे झाले आणि बोटांची पाठ मातीवर अलगद टेकली. मैदानभर. वारासुद्धा पडला होता. एक हात एका ठिकाणी किंचित थरकला, मागे सरला आणि पोराने बाजूला निशाणी रोवली: इथे उचलायचं नाही, लांबून दोरीने ओढायचं. मग पलीकडे दुसरी निशाणी. मग तिसरी. धूर कुठेच उठला नाही. कर्नलांनी टोपी काढून हातात घेतली होती, ते त्यांनाही कळलं नसावं.

“मॅडम,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “लिहा तुम्ही. सही मी करतो.”

हिंदुराव मात्र कपाळाला आठ्या घालून मैदानाकडे बघत होते.

“हे काय करत्यात पोरं?” त्यांनी विचारलं. “आसं कोन शिकवलं ह्यास्नी?”

रेवतीने उत्तर जुळवून ठेवलं होतं. त्यात तापमान होतं, कातडी होती, लहान मेंदू होता. ते सगळं तिने बाजूला ठेवलं.

“ताप बघतायत, आबा,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याने स्वतःचा उजवा हात वर केला, उलटा करून पाहिला. पुन्हा मैदानाकडे पाहिलं. तिथे कुणा-कुणाची पोरं पालथी पडून, जीव मुठीत धरून, त्याच हाताने जमिनीचं कानशील चाचपत होती.

“टायफॉइड हुता,” तो म्हणाला. “डाक्टर म्हनला हुता, आता आशा न्हाई.”

“आईने सांगितलं.”

“तू डोळं उघडलंस तवा मी हुतो का न्हवतो, ते काय मला आठवत न्हाई.”

“नव्हता, आबा. रजा संपली होती.”

त्याने मान हलवली. दोन हातांचं अंतर ओलांडून तो पुढे आला आणि बोटांची पाठ तिच्या कानशिलाला टेकवली, कानामागे नेली आणि तिथे थांबला.

“न्हाई,” तो म्हणाला. “ताप न्हाई.”